बाईट नको, मत घ्या

बिबट्यानं माणूस मारला की रात्री वाहिनीवर चर्चा ठरलेली. पडद्यावर सहा खिडक्या. पाचांत पुण्या-मुंबईची मंडळी: प्रवक्ते, अभ्यासक, निवृत्त अधिकारी. सहावीत आमच्याकडचा शेतकरी, उसाच्या बांधावर उभा, कानात वायर. पाचांना विचारतात, "आपलं मत काय?" सहाव्याला विचारतात, "तुम्हाला काय वाटलं तेव्हा?"

माझं भांडण या फरकाशी आहे. गावच्या माणसाला दुःख विचारतात, मत विचारत नाहीत.

2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूत भागात महिन्याभरात तीन जीव गेले. दोन लेकरं आणि एक म्हातारी. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला. रस्त्यावर बसलेल्यांकडे केवळ राग नव्हता, मागण्या होत्या. शेतीला दिवसा वीज द्या, ही इथली जुनी मागणी. थ्री फेज लाईट बऱ्याचदा रात्री येते, म्हणून माणूस रात्री दारं धरायला उसात उतरतो आणि तिथंच बिबट्या असतो. हे त्याला सांगायचं असतं. पण "रात्रीची लाईट..." एवढं म्हणेपर्यंत निवेदक म्हणतो, "काका, थोडक्यात!"

मंत्र्याला साहेब, अभ्यासकाला सर आणि शेतकऱ्याला काका. काका म्हणायचं आणि त्याचंच वाक्य तोडायचं. बांधावर आवाज पोचायला दोन-तीन सेकंद लागतात. तो प्रश्न ऐकून तोंड उघडतो तोवर इकडून दुसरा प्रश्न सुटलेला असतो. तो थांबतो, निवेदकही थांबतो, मग दोघं एकदम बोलतात आणि ब्रेक येतो. रेंजचा दोष असेल, पण तीन सेकंद गप्प बसणं निवेदकाच्या हातात आहे.

आणि या माणसाला काय कमी कळतं? येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणं त्याच्या डोळ्यांसमोरची. पाण्यामागून ऊस आला, उसात बिबट्याची मादी व्यायला लागली. ऊसतोडीत फडात पिल्लं सापडली तर तोड थांबवून वन खात्याला कळवायचं, पिल्लं सापडली त्याच जागी ठेवायची म्हणजे रात्री आई घेऊन जाते, हे त्यानं पाहिलेलं असतं. उसात राहणाऱ्या बिबट्याबद्दल त्याच्याइतका रोजचा अनुभव त्या पाच खिडक्यांत किती जणांना असतो? त्याला "भीती वाटते का?" विचारून सोडून देणं हा त्याचा अपमान आहे, आणि प्रेक्षकाचं नुकसानही.

टोमॅटोचंही तेच. 2023 च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात 20 किलोचा क्रेट 2,000 रुपयांच्या वर गेला, तेव्हा कॅमेरे धावत आले. प्रश्न एकच, किती कमावले? सगळ्या देशासमोर एखाद्याचा गल्ला मोजायला लावणं मला असभ्य वाटतं. मुलाखत घेणाऱ्याला स्वतःचा पगार कोणी असा विचारला असता तर? सप्टेंबरपर्यंत भाव पार कोसळले. औषधांचा खर्च, मजुरी, गाडीभाडं यांचा हिशेब ऐकायला चर्चेची खुर्ची तेव्हा हवी होती.

मुंबई दूरदर्शनवर 'आमची माती, आमची माणसं' लागायचं. शेतकरी तिथं जाणकार पाहुणा म्हणून यायचा. बियाणं कोणतं, दोन ओळींत अंतर किती, असे प्रश्न यायचे आणि उत्तर पुरं होईपर्यंत समोरचा ऐकायचा. साधी गोष्ट, पण पाहुण्याचा मान तिच्यातच होता.

ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय त्यांना त्या दिवशी पडद्यावर आणूच नये. आईच्या तोंडाशी बूम धरून कोणती माहिती मिळते? 30 जुलै 2014 ला माळीण गाव कोसळलेल्या डोंगराखाली गेलं, 151 माणसं गेली. वाचलेल्यांकडून रडणं घ्यायचं नव्हतं. डोंगर कसा फोडला गेला, पाणी कुठून मुरत होतं, नवं गाव कुठं हवं, हे त्यांना विचारायचं होतं. तेही पंधरवड्यानं, तेरावं झाल्यावर, त्यांची तयारी असेल तर. नवी घरं 2017 मध्ये मिळाली. मधल्या जवळजवळ तीन वर्षांत विचारायला वेळ भरपूर होता.

पुढची चर्चा होईल तेव्हा समोर कोण बसणार आणि विषय काय, हे त्या शेतकऱ्याला दुपारीच सांगा. पहिला प्रश्न त्याला विचारू द्या. त्यानं दिवसाच्या लाईटीचं विचारलं, तर तोच प्रश्न त्याच्या शब्दांत वीज कंपनीच्या अधिकाऱ्याला विचारा, आणि तारीख मिळेपर्यंत ब्रेक घेऊ नका.