एकटीचा फोटो

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात मुलाचं लग्न काढायचं ठरलं की आधी पत्रिका निघते, मग फोटोची बोंब सुरू होते. ज्याच्या मोबाइलला तीन डोळे तो फोटोग्राफर, या न्यायानं शेजारच्या काकूंनी मला हाक मारली. "बेटा, बंड्याचा एक ढंगाचा फोटो काढून दे. नागपूरला पाठवायचाय."

बंड्याचे सेल्फी मी पाहिले. नाक आधी पोहोचत होतं, बंड्या मागाहून. काकूंच्या मते मोबाइल भंगार. मोबाइल बिचारा निर्दोष असतो. हात लांब करून फोटो काढला की नाक लेन्सपासून जेमतेम ५० सेंटिमीटरवर येतं आणि कान त्याच्या १०-१२ सेंटिमीटर मागे राहतात. जवळचं मोठं दिसणारच. सहा फूट मागे सरकून दुप्पट झूम केलं की नाक मुकाट जागेवर बसतं. स्टुडिओवाले ८५ मिलिमीटरची लेन्स लावतात ती उगाच नाही. तिच्यात चेहरा मावायला लांबच जावं लागतं.

आता आमच्या गल्लीत सहा फूट मागे म्हणजे थेट समोरच्यांचा ओटा. तिथे बिजौरी वाळत घातलेली. "पाय सांभाळ रे!" आतून आवाज आला. एक पाय ओट्यावर, एक पायरीवर, मधून स्कूटर.

शिवाय मे महिना, दुपारचे बारा. इथलं हे ऊन माणसाच्या डोळ्यांच्या जागी दोन खड्डे पाडतं. म्हणून बंड्याला उंबऱ्याच्या आत, सावलीत उभा केला, तोंड गल्लीकडे. लगेच बुबुळांत दाराचा पांढरा चौकोन चमकला. स्क्रीनवर जवळच्या डोळ्यावर बोट ठेवलं. तो धूसर राहिला तर बाकीचं कितीही स्वच्छ येऊन उपयोग नाही.

एवढं जमलं, पण बंड्या श्वास रोखून उभा. १८४०च्या सुमारास फोटोला इतका वेळ लागे, की डोकं हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार लावत. तो आधार केव्हाच गेला, आमच्या माना अजून त्यातच. "हस" म्हटलं की माणूस दात दाखवतो, हसत नाही. मी नुसता थांबलो. तेवढ्यात बंड्याच्या आजी आतून म्हणाल्या, "पोट आत घेतोयस ते लग्नापर्यंत धरून ठेवणार का?"

बंड्या फुटला. मी बटण दाबलं.

काकूंना पसंत पडला. आजींनी चष्मा लावून पाहिला, पदर सारखा केला आणि काकूंकडे बोट दाखवलं. "आता माझा काढ. पण हिला शेजारी बसव. एकटीचा काढला की या घरात लगेच हाराचं माप घेतात."