वऱ्हाड फुग्यामागे

डेन्व्हरहून पूर्वेला मोटारीने तासाभरावर, कोलोरॅडोच्या माळावर, डीअर ट्रेल नावाचं एक चिमुकलं गाव आहे. जगातला पहिला रोडिओ १८६९ साली आपल्याकडेच झाला, असा या गावाचा दावा. २०१३ साली गावापुढे एक ठराव आला: आकाशात ड्रोन दिसला तर तो बंदुकीने पाडायचा परवाना पंचवीस डॉलरला विकावा. पुढच्या वर्षी मतदारांनी तो फेटाळला. ‘एज ऑफ स्पेस सायन्सेस’ ही हौशी मंडळींची संस्था विद्यार्थ्यांची खोकी अंतराळाच्या उंबऱ्यापर्यंत पाठवायला जे फुगे सोडते, त्यांतले बरेचसे नेमके याच गावातून सुटतात. तिचा एकतर लोकशाहीवर गाढ विश्वास असावा, नाहीतर गावकऱ्यांच्या नेमबाजीवर मुळीच नसावा. बोल्डरच्या विद्यापीठातली पोरं हलक्या फोमची खोकी घेऊन येतात, त्यांत तापमापक, कॅमेरे आणि परीक्षेचे गुण अशा तीन नाजूक गोष्टी भरलेल्या असतात. या सगळ्या उद्योगाचं कौतुक विज्ञानशिक्षण म्हणून होतं, आणि ते रास्तच आहे. पण प्रवासाच्या दरबारात त्याची दखल कुणी घेत नाही, ही माझी तक्रार. माझ्या मते आज उरलेला अस्सल प्रवास हाच. आणि तो फुग्याचा नव्हे, फुग्यामागे धावणाऱ्यांचा.

फुग्याचा स्वतःचा प्रवास आकड्यांत भारी, वर्णनाला मात्र अगदी सरळसोट. तो सेकंदाला साधारण पाच मीटर वर चढतो. बारा-पंधरा किलोमीटरच्या आसपास उणे पन्नास-साठ अंशांची थंडी खातो आणि दीड-पावणेदोन तासांत तीस किलोमीटर गाठतो. तिथे हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या शंभराव्या हिश्शावर आलेला असतो, त्यामुळे रबर फुगत फुगत फाटतं आणि खोकी पॅराशूटला लोंबकळत खाली येतात. वाटेत थांबा नाही, कुणाशी हुज्जत नाही, जेवण बेचव होतं अशी कुरकुर नाही. ज्याला चहाही लागत नाही त्याच्याकडून प्रवासवर्णन कसं निघणार? ते निघतं खालच्या वऱ्हाडातून. नवरदेव वाऱ्यावर पुढे गेलेला, मांडव कुठे घातलाय ते कुणालाच ठाऊक नाही, आणि छतावर अँटेनांचं रान माजलेल्या सात-आठ गाड्या वरातीमागून घोडं ही म्हण शब्दशः जगत निघालेल्या.

यावर पहिला आक्षेप असा की यात अनिश्चित ते काय? हवामानाची प्रारूपं आहेत, संगणक आहे, फुगा कुठे पडेल ते आदल्या रात्रीच नकाशावर दिसतं. दिसतं खरं. पण हिशेब करून पाहा. वरच्या जेट प्रवाहाचा पाच किलोमीटर जाडीचा थर ओलांडायला फुग्याला हजार सेकंद लागतात. वारा सेकंदाला चाळीस मीटरचा असेल तर तेवढ्यात तो चाळीस किलोमीटर पूर्वेला सरकतो. गॅस भरताना हात जरा आखडला आणि चढण्याचा वेग दहा टक्क्यांनी कमी झाला, की मुक्काम चार किलोमीटर पुढे. आता चार किलोमीटर म्हणजे काय, ते तिथल्या रस्त्यांवर कळतं. तो मुलूख एकोणिसाव्या शतकातल्या सरकारी मोजणीदारांनी मैलामैलाच्या चौकोनांत आखून ठेवला आहे. गावरस्ते एकतर उत्तर-दक्षिण जातात, नाहीतर पूर्व-पश्चिम. फुगा तिरका जातो. त्यामुळे पाठलाग करणाऱ्याला प्रत्येक मैलाला डावीकडे की सरळ हा प्रश्न पडतो आणि गाडीतल्या चौघांची उत्तरं किमान तीन निघतात. उन्हाळ्यात तर वीस किलोमीटरच्या वरचं वारं उलटं, पूर्वेकडून वाहतं. मग वऱ्हाड लास्ट चान्स नावाच्या गावाकडे (हे नाव मी रचलेलं नाही, नकाशावर आहे) धुरळा उडवत निघावं, तर फुगा वर गेल्यावर विचार बदलून माघारी वळतो, आणि सगळ्या गाड्या त्याच धुरळ्यातून परत.

दुसरा आक्षेप जास्त दमदार आहे. फोन आणि उपग्रह असताना फुग्याचा माग काढायला हौशी रेडिओचं हे जुनं खटलं कशाला? फोनचं उत्तर सोपं: उडत्या वस्तूवरून मोबाइल वापरायला अमेरिकेच्या दळणवळण आयोगाची मनाई आहे, आणि खोकं ज्या शेतात पडतं तिथे सिग्नलची पट्टी दिसेलच याची खात्री नाही. उपग्रहाचं यंत्र चालतं, पण पडताना ते तोंडघशी पडलं आणि अँटेना मातीकडे झाली, की मौनव्रत. हौशी रेडिओची एपीआरएस पद्धत अमेरिकी नौदल अकादमीतल्या बॉब ब्रुनिंगा यांनी घडवली. फुग्यातलं यंत्र १४४.३९ मेगाहर्ट्झवर थोड्या थोड्या वेळाने आपलं ठिकाण आणि उंची कुजबुजतं. तीस किलोमीटरवरून क्षितिज सहाशे किलोमीटरवर असल्याने ती कुजबुज आजूबाजूच्या राज्यांतही ऐकू जाते, आणि गाडीतला साधा संचही ती मधल्या कुणाच्या मेहेरबानीशिवाय झेलतो. तरीही हे सगळं बिनबोभाट चालत नाही, हेच माझ्या बाजूचं. शीतयुद्धातल्या निर्यातबंदीच्या नियमांमुळे काही जीपीएस यंत्रं अठरा किलोमीटरवर गेली की आपण क्षेपणास्त्र आहोत असं समजून गप्प बसतात. यंत्र नीट पारखलं नसेल तर पाऊण तासभर नवरदेव बेपत्ता. आणि खाली येताना अखेरचे काहीशे फूट उरले, की टेकाडाआड आवाज बुडतो. मग गाडीतून मोजपट्टीचे पोलादी तुकडे जोडून बनवलेली अँटेना निघते. ती हातात धरून, रिकाम्या रस्त्याच्या मधोमध एक पदवीधर अभियंता हळूहळू स्वतःभोवती गोल फिरतो. पुढचा मार्ग असा ठरण्याचं भाग्य कुठल्या सहल कंपनीच्या गिऱ्हाइकाला लाभतं?

कुणी म्हणेल, गंमत ठीक. पण डोक्यावर पडलं तर? याची काळजी विमानवाहतूक खात्याने आधीच केली आहे. कडक नियमांतून सुटायचं असेल तर एक खोकं जास्तीत जास्त सहा पौंडांचं, सगळी मिळून बारा पौंडांची, आणि दोरी पन्नास पौंडांच्या झटक्यात तुटेल इतपतच. खरा धोका उलट्या दिशेने संभवतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये, अमेरिकेवरून गेलेल्या चिनी फुग्याच्या गदारोळानंतर, अमेरिकी लढाऊ विमानाने कॅनडातल्या युकॉनवर एक अनोळखी वस्तू क्षेपणास्त्राने पाडली. त्याच सुमारास इलिनॉयमधल्या हौशी मंडळाचा एक इवलासा फुगा अलास्काच्या किनाऱ्याजवळून शेवटचा आवाज देऊन गप्प झाला. जगाला कित्येक फेऱ्या मारून झालेलं, काही ग्रॅम वजनाचं यंत्र वाहणारं ते खेळणं होतं. तोच पाडला गेला, हे कधीच सिद्ध झालं नाही. अवशेषही सापडले नाहीत. पण तसं असेल तर चार लाख डॉलरच्या घरातलं अस्त्र कशावर खर्ची पडलं, हे सांगायला कुणाची जीभ उचलेल? डीअर ट्रेलच्या ठरावात निदान पंचवीस डॉलर तरी जमा व्हायचे होते.

उरला शेवटचा आक्षेप: त्या माळावर बघण्यासारखं आहे तरी काय? काही नाही, आणि म्हणूनच एरवी तिथे कोण जाणार! प्रवास कंपनीला जिथे फोटो निघतात तीच ठिकाणं ठाऊक. वाऱ्याचे मात्र कुठल्या हॉटेलशी लागेबांधे नसतात. तो खोकं मक्यात टाकतो, गुरांच्या कुरणात टाकतो, आणि ते आणायचं तर आधी मालकाला शोधावं लागतं, कारण तिथे विचारल्याशिवाय कुणाच्या जमिनीत पाय टाकायचा नसतो. मालक दोन-चार चौकोन पलीकडे राहणारा. तुमचा फुगा माझ्या शेतात कसा, या त्याच्या प्रश्नाला विद्यार्थ्याने जे उत्तर द्यायचं, तीच त्याची खरी तोंडी परीक्षा. ओझोनपासून वाऱ्यांपर्यंत सगळा अभ्यासक्रम तिथे दोन वाक्यांत सांगावा लागतो. आपल्याकडे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मोठे फुगे हैदराबादहून सुटतात, तेव्हा महाराष्ट्रातल्या काही जिल्ह्यांसाठीही निवेदन निघतं: पेटारा पडलेला दिसला तर हात लावू नका, पोलिसांना कळवा. म्हणजे इथे आधी फौजदार, मग शास्त्रज्ञ. कोलोरॅडोत थेट शेतकरी. हौशी रेडिओच्या पहिल्या परवान्याला तिथे पस्तीस प्रश्नांपैकी सव्वीस बरोबर यावे लागतात. विद्युतदाब, लहरींची लांबी, नियम, सगळं विचारतात. कुरणाचं फाटक उघडं होतं की बंद, हे आत शिरताना लक्षात ठेवून निघताना ते तसंच ठेवावं, यावर मात्र एकही प्रश्न नाही. आणि खोकं सापडल्याच्या आनंदात नेमकं तेच विसरलं, तर पुढचा पाठलाग गाईंचा.