तोंडी परीक्षेच्या वीस गुणांना अनावृत पत्र

तीर्थरूप वीस गुण यांस,

बुलढाणा जिल्ह्यातले समस्त पालक, संस्थाचालक आणि दहावीला बसलेले पोट्टे-पोट्ट्या यांचा साष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, दहावीचा निकाल लागला की लोक मुलाला पेढा भरवतात, सरांना शाल घालतात, शेगावला जाऊन महाराजांपुढे माथा टेकवतात. तुमची आठवण कुणी काढत नाही. हा कृतघ्नपणा झाला. इंग्रजीच्या शंभर गुणांत ऐंशी लेखी आणि वीस तोंडी. पास व्हायला लागतात पस्तीस. तुम्ही वीसच्या वीस चालत आलात, की ऐंशीच्या पेपरात पंधरा मिळाले तरी गंगेत घोडं न्हालं!

तोंडी परीक्षेचा दिवस हा आमच्याकडे शाळेतला सगळ्यात शांत दिवस असतो. हजेरी होते. प्रत्येक मूल ‘प्रेझेंट सर’ एवढं इंग्रजी बोलतं. मग सर खाली मान घालून यादी भरतात. कुणाला अठरा, कुणाला एकोणीस, संस्थेच्या संचालकांच्या पुतण्याला वीस. मौनं सर्वार्थसाधनम् हे संस्कृत वचन इंग्रजीच्या तासाला इतकं फळेल, असं कुणाला वाटलं होतं?

२०१९ साली मात्र वरच्यांना दुर्बुद्धी सुचली. भाषा विषयांतून तुम्हाला काढून टाकलं आणि सगळे गुण लेखी परीक्षेला दिले. अभ्यासक्रमही त्याच साली नवा आलेला. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के लागलेला राज्याचा निकाल धाडकन ७७.१० टक्क्यांवर आला. घाटावरचे असोत की घाटाखालचे, सगळ्या तालुक्यांत सुतकी कळा पसरली. पुढच्याच परीक्षेला तुम्हाला सन्मानानं परत बोलावलं आणि निकाल ९५.३० टक्के लागला. त्या साली कोरोनामुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही, हे खरं. पण कुणाचे उपकार किती, याचा हिशेब घरातल्या घरात कुणी मांडतं का?

शिवाय तुमच्या सुरक्षिततेबद्दल तर बोलायलाच नको. मार्च २०२३ मध्ये सिंदखेडराजा तालुक्यातून बारावीच्या गणिताच्या पेपरची पानं मोबाइलवर फिरली. गुन्हा दाखल झाला, विधानसभेत जिल्ह्याचं नाव निघालं. जिजाऊंच्या जन्मगावाचं नाव असं गाजावं, याचं आम्हाला फार वाईट वाटलं. तुमच्या बाबतीत ही भीतीच नाही. जो प्रश्न विचारलाच जात नाही, तो फुटणार कुठून?

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटलं, हे आम्ही गॅदरिंगच्या प्रत्येक भाषणात ऐकतो. वऱ्हाड १८५३ साली इंग्रजांकडे गेलं, तेव्हापासून ही वाघीण आमच्या उंबऱ्याशी आहे. शाळेत तर २००० सालापासून पहिलीच्या वर्गातच तिचं दूध वाढतात. म्हणजे दहावीला बसणारं पोरगं दहा वर्षं ते पितं, पण गुरगुरायचं म्हटलं की खाली बघतं. २०१९ च्या शेवटी टिपेश्वरहून एक वाघ तेराशे किलोमीटर पायी तुडवत आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला, तेव्हा जरा आशा वाटली होती. तो नर निघाला.

आता एक गोष्ट तुमच्या कानावर घालतो, राग मानू नका. मुलं वाटतात तेवढी कोरी नाहीत. ‘असर’ हा शिक्षणाचा अहवाल काढणाऱ्यांनी २०२३ साली देशातल्या २८ जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात १४ ते १८ वयाच्या मुलांची पाहणी केली. ५७.३ टक्के मुलांनी इंग्रजी वाक्यं वाचून दाखवली आणि त्या वाचणाऱ्यांपैकी दर चौघांत जवळपास तिघांनी अर्थही सांगितला. म्हणजे माल पोटात आहे, ओठावर येत नाही. त्याचं कारण शोधायला समिती नेमायची गरज नाही. आठवीतला पोरगा ‘शी गो’ म्हणतो, मागच्या बाकावर खसखस पिकते, सर तिथल्या तिथं ‘गोज! गोज!’ म्हणून वाक्याचा गळा धरतात, आणि पोरगा त्या विषयापुरतं तोंड बंद करतो ते दहावीपर्यंत. घरी विचारलं तर म्हणतो, ‘मले नाई बोलायचं, पोट्टे हासतात.’ हासणाऱ्या पोट्ट्यांतल्या एकालाही पुढचं वाक्य येत नसतं, ही त्यातली गंमत.

बरं, बोलायला विषय तरी कोणते? गाईडात ‘माय हॉबी’ असते आणि हॉबी पोस्टाची तिकिटं जमवण्याची असते. पोरानं उभ्या जन्मात पोस्टाचं तिकीट चिकटवलेलं नसतं. त्याला कपाशीवरची बोंडअळी माहीत असते, खामगावचा चांदीचा बाजार माहीत असतो, लोणार तर हाताशी असतं. समजा, तिकडची एखादी मुलगी उभी राहून म्हणाली, ‘लोणार लेक वॉज ग्रीन. इन ट्वेंटी-ट्वेंटी इट बिकम पिंक. माय ग्रँडमदर सेड, गॉड अँग्री. सायन्टिस्ट सेड, सॉल्ट मोर, स्मॉल स्मॉल जीव मोर.’ व्याकरणाच्या वहीत यावर लाल शाईचा सडा पडेल. पण १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या ज्या इंग्रज अधिकाऱ्यानं या सरोवराची नोंद केली, त्याला ते सगळं समजलं असतं. आणि २०२० सालीच लोणारला पाणथळ जागांच्या रामसर यादीत घेणाऱ्यांनाही समजेल.

सर म्हणतात, वर्गात साठ मुलं, वेळ कुठून आणायचा? आम्ही हिशेब केला. प्रत्येकाला तीन मिनिटं दिली तर तीन तास. म्हणजे वर्षभरातून पाच-सहा तासिका. एवढ्या तासिका तर प्रमुख पाहुण्यांची वाट बघण्यात जातात.

तेव्हा वीस गुणहो, हात जोडून विनंती आहे. यंदापासून जरा भाव खा. यादीत आपोआप उतरू नका. जो पोरगा तीन मिनिटं आपल्या गावाबद्दल, आपल्या शेताबद्दल, आपल्या म्हशीबद्दल मोडकंतोडकं बोलेल, त्याच्याकडे उदार मनानं जा. चुका त्याचं बोलणं संपल्यावर सांगू द्या. जो हसेल, त्याचे दोन कापा. वर्गातली खसखस आठवड्यात थांबेल. जो गप्प राहील, त्याला नापास करू नका, पुढच्या शनिवारी परत उभं करा. आणि बोलायला शब्द हवेत म्हणून रोज एक पान मोठ्यानं वाचायला लावा. दहावीतल्या पोरानं तिसरीच्या पातळीची गोष्ट वाचली तर काही बिघडत नाही. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीविव्हर’वर मराठी आणि इंग्रजी, दोन्हींतल्या गोष्टी फुकट आहेत, आणि मोबाइल तर पोराच्या हातातून सुटतच नाही.

यानं निकाल टक्का-दोन टक्के खाली येईल, हे आम्हाला कळतं. येऊ द्या. पेढे अर्धा किलो कमी आणू.

आपला सदैव उपकृत,
लेखी पेपरात पंधरा मिळवून पास झालेल्या मुलाचा बाप

ता. क. : उत्तर लेखी पाठवू नये. येऊन बोलावं.