थीम केक : नवशिक्यांसाठी पहिला धडा

आपल्याकडे आजोबांच्या पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो. शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी टाकली तीच जन्मतारीख, त्यामुळे गंगाखेडपासून जिंतूरपर्यंत अर्धी गल्ली एकाच दिवशी जन्मलेली. त्या माणसांना केकची अडचण कधी आली नाही. नातवाचं तसं नाही. त्याला तारीख आहे, वेळ आहे, दवाखान्याचा दाखला आहे आणि आता थीमही लागते. ज्यांच्यावर ही पाळी पहिल्यांदाच आलीय, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन.

पायरी पहिली, थीम ठरवणे. मुलाला जरूर विचारा. तो सोमवारी डोरेमॉन म्हणेल, बुधवारी स्पायडरमॅन, आणि ऑर्डर देऊन झाली की जेसीबी. तोवर मावशीने पुण्याहून ‘जंगल थीम’चा फोटो पाठवलेला असतो आणि आईने त्याला जुळणारी हिरवी साडी घेतलेली असते. म्हणजे जंगल ठरलं.

माझं विचाराल तर जेसीबीच घ्यावा. परभणीच्या पोराने सिंह कार्टूनमध्ये पाहिलेला असतो. जेसीबी मात्र घरासमोरच्या नालीत उतरलेला, अगदी हाताच्या अंतरावरून. शिवाय पिवळा रंग सोपा, आणि खाली चॉकलेट बिस्किटांचा चुरा पसरला की आपली काळी रानं आपोआप तयार. काळा केक मात्र मागू नका. पांढऱ्या क्रीमचं काळं करायचं तर इतका रंग ओतावा लागतो की चव कडवट होते आणि पाहुणे काळ्या जिभा घेऊन घरी जातात. फारच हट्ट असेल तर आधी कोको घालून क्रीम तपकिरी करून घ्यायला सांगा, मग रंग थोडक्यात भागतो.

पायरी दुसरी, केकवाल्या ताई शोधणे. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये निम्मं गाव केक शिकलं, त्यातल्या चिकाटीच्या बायका अजून टिकून आहेत. त्यांना फोटो दाखवावा. संवाद ठरलेला असतो.

“ताई, असा होईल का?”

“होऊन जाईल की, दादा.”

“अगदी असाच?”

“असाच म्हंजे… थोडं इकडं-तिकडं. कधी पाह्यजे?”

“परवा.”

इथे ताई गप्प होतात. ती शांतता समजून घ्या. फोटोतला सिंह साखरेच्या फॉन्डंटचा असतो. तो हाताने वळायचा, मग वाळायला दोन-तीन दिवस ठेवायचा. ओला सिंह केकवर बसवला की संध्याकाळपर्यंत पाय पसरून आडवा होतो. म्हणून आठ दिवस आधी सांगा. आणि ‘एगलेस ना?’ एवढंच विचारून थांबू नका. पुष्कळ फॉन्डंटमध्ये जिलेटिन असतं आणि ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून निघतं. अंडं नाही म्हणून निर्धास्त झालेल्या आजीला हे वाढदिवसानंतर कळता कामा नये.

खिसा आखडता असेल तर फोटो केक आहेच. खायच्या शाईने साखरेच्या पातळ शीटवर छोटा भीम छापतात आणि क्रीमवर चिकटवतात. फ्रीजमध्ये दमट झाला की शाई फुटते आणि छोटा भीम एका रात्रीत मिशी फुटून मोठा होतो.

वजन. नियम असा की एक किलोत दहा-बारा तुकडे होतात. आता ‘घरच्या घरी, छोटासाच’ कार्यक्रम म्हणजे किती माणसं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा बरं ठाऊक. भाऊकी, गल्ली, ट्यूशनची पोरं, घरमालक. तेवढा फॉन्डंटचा केक घ्यायचा तर सोयाबीनचा भाव पाहून घ्या. शहाणे लोक समोर एक किलोचा नटवलेला ठेवतात आणि आत स्वयंपाकघरात साधा दोन किलोचा पायनॅपल कापून कागदी प्लेटांत भरतात, बाजूला चिवडा नि समोसा. कुणाला काही कळत नाही. कळलं तरी साधाच जास्त आवडतो, कारण फॉन्डंट मोठी माणसं हळूच प्लेटच्या कडेला सरकवून ठेवतात.

आता खरा विषय : ऊन. इथल्या कृषी विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ची, म्हणजे ऐन मे महिन्यात परभणीत काही उभं राहू शकतं याचा एवढा तरी पुरावा आहे. याच विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ भेंडी केवडा रोगाला दाद देत नाही म्हणून देशभर गेली. क्रीमची अशी जात अजून निघालेली नाही. दुधाचं क्रीम तिशी गाठायच्या आधीच ढिलं पडतं, आणि आपल्याकडे मेमध्ये पारा ४४-४५ला टेकतो. वनस्पती तेलाचं व्हिप क्रीम जरा जास्त तग धरतं, पण लाइट जाईपर्यंतच. फॉन्डंटच्या खाली ओलं क्रीम नको, चॉकलेटचा गनाश लावायला सांगा. उन्हाळ्यात त्यात चॉकलेट जास्त, क्रीम कमी. पांढऱ्या चॉकलेटचा असेल तर तीनास एक. हे प्रमाण ताईंना आधीच माहीत असतं, तरी विचारावं. गिऱ्हाईक जाणकार आहे असं वाटून त्या सिंहाची आयाळ जरा मन लावून करतात.

पायरी तिसरी, वाहतूक. केक परभणीत, कार्यक्रम पाथरीत किंवा सोनपेठला, मध्ये स्पीडब्रेकर. कारमध्ये डबा मांडीवर घेऊ नये. मांडी सपाट नसते, हे केक कलल्यावर लक्षात येतं. पुढच्या सीटसमोर पाय ठेवायच्या सपाट जागेत ठेवा, एसी पायाकडे सोडा. मोटारसायकलच असेल तर मागे मामा बसवा. काका नको, काका फोन उचलतात. पोचल्यावर डबा लगेच उघडू नका. गार केकवर दमट हवा बसली की फॉन्डंटला घाम फुटतो, रंग ओघळतो. बंद डब्यात जरा राहू दिला तर तो घाम डब्याला बाहेरून येतो. जमलेली पोरं ‘दाखवा ना’ म्हणून डब्याभोवती फिरतील. दारात आत्या उभी करा.

प्रत्यक्ष कार्यक्रमात आधी औक्षण. मग मेणबत्ती, आणि मेणबत्तीसाठी पंखा बंद. इथून तुमच्याकडे फार तर पाच मिनिटं आहेत, त्यात फोटोवाला चुलतभाऊ “परत एकदा, सुरी वर घ्या” म्हणणार. फेसाचा स्प्रे मेणबत्तीजवळ उडवू देऊ नका, तो भडकतो. सिंहाच्या पोटात टूथपिक असते. तो पोराच्या हाती देण्याआधी काढून घ्या. आणि सिंह वाढदिवसवाल्यालाच द्या, शेजारच्याने आधी शेपूट मोडली तर पुढचे सगळे फोटो रडके येतील.

सगळे गेल्यावर केकखालचा स्टँड आठवणीने धुऊन ठेवा. तो ताईंचा आहे, त्याचं डिपॉझिट दिलेलं आहे. रात्री कंटाळा केलात तर सकाळी त्यात उरलेला चिवडा भरून तो कुणीतरी शेजारी पोचवलेला असतो, आणि रिकामा स्टँड परत पाठवायची आपल्याकडे पद्धत नसल्यामुळे तो दिवाळीत फराळ घेऊन येतो.