छताकडे पाहताना

घग्गरेच्या पाण्यावरील पाच कुलांवरून, म्हणजे कालव्यांवरून, ज्या पंचकुल्याचे नाव पडले असे सांगतात, तेथे गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी आम्हां चार मराठी गृहस्थांचे शिष्टमंडळ गतवर्षी एका धनाढ्य कारखानदाराच्या दिवाणखान्यात हजर झाले, तेव्हा आमच्या दोन पानी अर्जात लोकमान्यांचे १८९३ सालापासूनचे कार्य होते, मंडळाचा इतिहास होता, ‘यथाशक्ती साहाय्य’ ही विनम्र प्रार्थनाही होती. नव्हता तो फक्त आकडा. यजमानांनी अर्ज उलटसुलट पाहून ‘कितना?’ एवढेच विचारले, आणि आम्ही चौघे, मागणे हे जणू कुलीनतेला बट्टाच, अशा मुद्रेने एकमेकांकडे पाहत राहिलो. मिळाले पाचशे एक, वर बेसनाचे लाडू. आमच्यामागून आलेल्या जागरण-समितीच्या मुखत्याराने मात्र बसण्यापूर्वीच यजमानांच्या नावाची एकावन्न हजारांची पावती फाडून मेजावर ठेवली, आणि ती वसूलही झाली.

नुसत्या कागदांवर पैसा न येण्याचे आमचे हे दुखणे जुनेच; पंचकुल्याहून तीन तासांवर पानिपत आहे. तेथल्या मोहिमेवर निघालेल्या भाऊसाहेबांनी १७६० साली रसद आणि रुपयांसाठी गोविंदपंत बुंदेल्यांना ताकीदपत्रांवर ताकीदपत्रे धाडली. खजिना येईना, तेव्हा दिल्लीच्या दिवाण-ए-खासचे चांदीचे छत उतरवून त्याचे रुपये पाडले. कारखानदाराकडून परतताना आमचे खजिनदार हळूच म्हणाले, की त्यांनीही दिवाणखान्याचे छत न्याहाळले होते. पण ते प्लास्टर ऑफ पॅरिसचे निघाले.