बिनतारी खर्जाची व्यथा
कुवेतमधील सालमियासारख्या दाट वस्तीत मराठी बिऱ्हाडाचा बिनतारी सबवूफर, म्हणजे साधारण १२० हर्ट्‌झखालचा खर्ज वाजवणारी पेटी, ऐन आरतीत मुका होतो, कारण त्याचा रेडिओ-संदेश अनेकदा २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात धावतो आणि तेथे शेजाऱ्यांचे वायफाय राउटर व मायक्रोवेव्ह यांचीही वर्दळ असते. ज्या काँक्रीटच्या भिंतीपाशी ही सुमारे १२.५ सेंटीमीटर लांबीची लहर दमते, तिच्यातून ४० हर्ट्‌झची साडेआठ मीटरची ध्वनिलहर मात्र सहज पलीकडे पोहोचते. त्यामुळे जोडणी तुटल्याचे दुःख घरापुरते, तर जुळल्याचे सुख मजलाभर असते. पेटी राउटरपासून दूर हलवावी, पुन्हा जोडून पाहावी; विजेची वायर मात्र बिनतारी पेटीलाही लागते, आणि ती खोचली आहे ना, हे घरातले तज्ज्ञ सर्वांत शेवटी पाहतात.