सायलेन्सरशास्त्री

डहाणू रोडहून जव्हारकडे निघालेला रस्ता आशागडात पोहोचला, की तेथे एका पत्र्याच्या छपराखाली, सरकारदरबारी ज्यांच्या नावे कोणतीही सनद रुजू नसताही पंचक्रोशीतील तरुण ज्यांना ‘वस्ताद’ म्हणून नमस्कार करतात, असे एक गृहस्थ बहुधा डोळे मिटून बसलेले दिसतात. ते झोपलेले नसतात, ऐकत असतात. रस्त्याने गेलेली गाडी कोणाची, तिला कितवे बोअर झाले आणि मालकाने ऑइलमध्ये किती कंजुषी केली, ही सारी कैफियत ते एका आवाजावरून सांगतात.

त्यांचे आराध्यदैवत म्हणजे यामाहाची आरएक्स १००. १९८५ साली अवतरलेल्या या ९८ सीसीच्या टू-स्ट्रोक गाडीचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. ती वार्ता आशागडपर्यंत आली, परंतु वस्तादांनी ती मंजूर केलेली नाही.

त्यांचे खरे वैर अज्ञ गिऱ्हाइकाशी. सायलेन्सरची आतली जाळी उपटून, गर्जनेलाच पराक्रम समजणारा एखादा नवयुवक दारात उभा राहिला, की ते खिन्न होऊन म्हणतात, “आवाज आणलास रे, पण दम कुठे ठेवून आलास?” मग प्रवचन सुरू होते. टू-स्ट्रोक इंजिनात धुराबरोबर थोडे न जळलेले पेट्रोलही पळ काढते. नळी जेथे रुंदावते तेथून उलट फिरलेली ओढ सिलिंडर रिकामे करते, आणि पुढे ती निमुळती होते तेथून परतलेला धक्का त्या फरारी ऐवजाला, दार मिटण्याच्या ऐन क्षणी, आत लोटतो. नळी आखूड केली तर हा मुहूर्त वरच्या रेसला साधतो, लांब केली तर खालच्या. आणि नळी बदलूनही कार्बोरेटरचा जेट जुनाच ठेवणारा इसम त्यांच्या मते पंचांग न पाहता लग्न लावणाऱ्यांपैकी होय. प्लग बदामी निघाला तर संसार सुखाचा, काळा निघाला तर उधळेपणा, आणि पांढरा निघाला तर पिस्टन जाम होण्याची पूर्वसूचना. बर्फाळ मुलखातले शौकीन स्नोमोबाईलवर हीच खटपट करतात, मात्र तिथल्या गार, दाट हवेला जेट मोठा लागतो. तोच आमच्या वैशाखात बसवला तर प्लग काजळून बसेल, हे सांगताना त्यांच्या मुद्रेवर त्या परदेशस्थ बांधवांविषयी किंचित करुणा उमटते.

कर्कश सायलेन्सरला कायद्याने १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे आणि जप्त मालावर पोलीस रोलर फिरवितात, याबद्दल त्यांची तक्रार नाही. सुरेल आणि बेसूर यांवर एकच कलम लागते, एवढीच त्यांची फिर्याद!

गेल्या चैत्रात महालक्ष्मीच्या यात्रेहून परतणारे एक वयोवृद्ध तारपावादक चहापुरते छपराखाली टेकले होते. वस्ताद त्या वेळी स्वतःच्या गाडीशी तिसरा दिवस झगडत होते. जेट चार वेळा बदलला, प्लग निर्दोष, तरी मधल्या रेसला गाडी अडखळे. म्हाताऱ्याने क्षणभर कान दिला आणि बशी खाली ठेवीत म्हटले, “सांध्याला मेण कमी पडलंय बाबा, वारा गळतोय.”

वस्ताद हसले. त्या अडाणी निदानावर त्यांनी आम्हांस अर्धा तास सुनावले. संध्याकाळी मी पुन्हा तेथून गेलो, तेव्हा सायलेन्सर जमिनीवर उतरलेला होता आणि वस्ताद कोणाकडेही न पाहता, सिलिंडरच्या तोंडाशी नवे गॅसकेट बसवीत होते.